गोळीला बिडी

भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या क्वार्टरांच्या त्या रांगेत नलिनीबाई काळमेघांच्या घरात एकच कायदा चालायचा. तो कुठल्या विधानसभेत पास झाला नव्हता, स्वयंपाकघरात झाला होता. बाळूने गोळी घेतली की त्याला बिडी मिळायची. सकाळची गोळी, सकाळची बिडी. संध्याकाळची गोळी, संध्याकाळची बिडी. गोळी नाही तर बिडी नाही. या कायद्यावर अपील नव्हतं, कारण अपील ऐकणारी बाई तीच होती.

बाळू नलिनीबाईंचा धाकटा. चाळिशी ओलांडली तरी बाळूच. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला पंख्यातून माणसं बोललेली ऐकू यायला लागली. रांगेतल्या जाणत्या लोकांनी तेव्हा भराभर इलाज सुचवले. कोणी ताईत सांगितला, कोणी सीहोरकडचा बाबा सांगितला, कोणी लग्न लावून द्यायला सांगितलं. मुलगी मात्र कोणी सुचवली नाही. शेवटी नलिनीबाईंनी सगळ्यांचे ताईत एका डब्यात भरून ठेवले आणि मुलाला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, आणि अखेर एक गोळी लागू पडली. ती घेणाऱ्याचं रक्त दर महिन्याला तपासावं लागायचं, पण पंखा गप्प झाला. अधूनमधून तो परत कुजबुजायचा. मग डॉक्टर गोळी थोडी वाढवायचे आणि पंखा पुन्हा नुसता वारा द्यायचा.

लोक इस्पितळातून औषध आणतात, नलिनीबाईंनी कायदाही आणला. बाळू पहिल्यांदा वॉर्डात होता तेव्हा तिथला अटेंडंट झाडू मारणाऱ्या पेशंटला बिडी द्यायचा, आंघोळ करणाऱ्याला बिडी द्यायचा, गप्प बसणाऱ्याला तर दोन. बाळू वॉर्डात शिरला तेव्हा त्याने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. बाहेर आला तो बोटं पिवळी करून. "पण गोळी कशी निमूट घेतो बघा अम्मा," अटेंडंट कौतुकाने म्हणाला होता. नलिनीबाईंना ते पटलं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला कळतं ते डॉक्टरला कळत नाही, असं त्या नेहमीच म्हणायच्या. इथे तर इस्पितळच त्यांच्या बाजूने होतं.

मग त्या रोज बाळूला समोर उभं करायच्या. "गीळ. तोंड उघड. जीभ वर. बाजूला दाखव. हं." आणि पदराच्या गाठीतून बिडी काढून द्यायच्या. बाळू अंगणात जाऊन ती पेटवायचा. खिडकीतून धूर दिसला की नलिनीबाईंच्या जिवाला थंडावा यायचा. दुसऱ्यांच्या घरी देवापुढची उदबत्ती बघून बायकांना बरं वाटतं, यांना बिडी बघून वाटायचं. धूर निघाला म्हणजे गोळी पोटात गेली, म्हणजे आजचा दिवस पार पडला.

मधल्या बिड्या बाळू कमवायचा. रांगेतले लोक फार दयाळू. कोणाचा गॅसचा सिलिंडर आत न्यायचा असे, कोणाचा कूलर गच्चीवर चढवायचा असे. मजूर लावला तर तो मजुरी मागतो, चहा मागतो, वर उद्धटपणा करतो. बाळू बिडी मागायचा. "बाळूभैया, बस इतना सा काम," असं म्हणत त्या दयाळू लोकांनी त्याच्या हातून अख्ख्या रांगेची ओझी वाहून घेतली आणि वर पुण्यही जमा केलं. बिचाऱ्याला तेवढाच आधार.

डॉक्टरही तसेच दयाळू. बाळूची छाती रात्रंदिवस वाजायला लागली तेव्हा सून अपर्णाने, म्हणजे मोठ्या प्रभाकरच्या बायकोने, एकदा धीर करून विचारलं होतं की यांच्या बिडीचं काय करायचं. जुने डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "पीने दीजिए. इनकी ज़िंदगी में और है ही क्या?" अपर्णाला ते खटकलं. नलिनीबाईंना वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस.

त्या स्वतः तंबाखूला शिवायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायच्या, पण ती दातांसाठी.

हे सगळं असंच चाललं असतं, पण गणपतीत मराठी मंडळाला समाजसुधारणेचा झटका आला.

मंडळाचे अध्यक्ष भालचंद्रराव कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. निवृत्तीनंतर हाताखाली माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी समाज हाताखाली घेतला. मांडवात मोठा फलक लागला, 'तंबाखूमुक्त पिपलानी'. भालचंद्रराव भाषणाला उभे राहिले, पण आधी मांडवामागे जाऊन तोंड मोकळं करून आले, कारण नागपूरहून आलेला तंबाखू-सुपारीचा ताजा खर्रा गालात होता आणि माईकसमोर मधून मधून थुंकणं बरं दिसत नाही. मग ते तंबाखूवर असे बोलले की पुढच्या रांगेतल्या बायकांचे डोळे पाणावले. प्रमुख पाहुणे कारखान्यातले कोणी साहेब होते. त्यांना भाषण लांबलेलं सोसेना. ते उठून मांडवाच्या तोंडाशी गेले, अर्धी सिगरेट ओढली, अर्धी टाकली आणि परत येऊन टाळ्या वाजवायला बसले.

बाळू तिथेच उभा होता. नलिनीबाईंनी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. बाळूने सगळ्यांदेखत वाकून ते थोटूक उचललं, शर्टाला पुसलं आणि ओठांत धरलं.

मांडव हसला. पोरंटोरं हसली ते एक, पण ज्यांचे सिलिंडर बाळूने उचलले तेही हसले. भालचंद्ररावांना तर दृष्टांत सापडला. ते माईकवरून म्हणाले, "पाहा मंडळी! व्यसन माणसाला कुठे नेऊन ठेवतं पाहा!"

नलिनीबाई बसल्या जागी ताठ झाल्या. प्रसाद घेताना भालचंद्रराव जवळ आले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. ही मुक्तीबिक्ती आपल्यासारख्यांसाठी. वेड्याची कसली सुटते? ओढू द्या त्याला."

घटकाभरापूर्वी ज्याला व्यसनी म्हणून मांडवभर दाखवला, त्याला आता हा माणूस व्यसन सोडायच्या लायकीचाही ठेवत नव्हता. नलिनीबाईंनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला.

"भालचंद्रभाऊ, दसऱ्याला सोनं वाटायच्या कार्यक्रमाला माझा बाळू बिडी सोडून येईल. तुम्ही निदान गाल रिकामा करून या."

आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं. म्हणजे आता ते भोपाळभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनीबाईंनी पदराची गाठ सोडली, बिड्यांचं बंडल बंबात घातलं आणि कोपऱ्यावरच्या पानबिडीच्या गुमटीवर गेल्या. "जितेंद्र, माझ्या पोराला बिडी दिलीस तर तुझ्या गुमटीसमोर खाट टाकून बसेन. गिऱ्हाइकाला माझं तोंड दिसलं पाहिजे रोज."

"अरे अम्मा, आप तो नाराज़ हो गईं. बाळूभैया अपने आदमी हैं."

"तुझा आदमी आहे तर घेऊन जा घरी. आंघोळ घाल त्याला."

मग त्या रांगेतल्या प्रत्येक दारी गेल्या आणि दयाळू लोकांना सांगितलं की आपापले सिलिंडर आपापल्या कमरेने उचला. पुष्कळांना एकदम बाळूची काळजी वाटायला लागली. असं एकदम तोडणं बरं नव्हे म्हणाले.

बाळूचं जे व्हायचं ते झालं. तो अंगणाच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत फेऱ्या घालायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. स्वतःची बोटं हुंगायचा. एकदा त्याने ताट फेकलं, एकदा भिंतीवर डोकं आपटलं आणि मग लहान मुलासारखा रडला. सकाळ-संध्याकाळ मात्र न चुकता स्वयंपाकघराच्या दारात यायचा आणि हात पुढे करायचा. बोलायचा नाही, नुसता तळहात.

"हात मागे घे," नलिनीबाई म्हणायच्या. "बिडी मेली. तिचं तेरावं पण झालं."

तो थोडा वेळ तसाच उभा राहायचा आणि जायचा.

आता गोळीचं काय करायचं? बिडी नसेल तर हा गोळी कशाला घेतोय, एवढं गणित नलिनीबाईंना येत होतं. त्यांनी गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि शिऱ्यात घातल्या. सकाळी शिरा, संध्याकाळी शिरा. वर तूप, वेलदोडा. बाळू खायचा.

"आई, एकदा डॉक्टरांना विचारून घेऊ या का?" अपर्णा म्हणाली.

"काय विचारशील? ते म्हणतील, पीने दीजिए. तेवढं ऐकायला अख्खा दिवस रांगेत बसू? काहून एवढी घाबरून राहिली तू?"

प्रभाकरने मत दिलं नाही. त्याला ड्यूटीवर जायचं होतं. मत द्यायची वेळ आली की त्याला नेहमीच ड्यूटीवर जायचं असायचं.

आणि मग चमत्कार झाला. बाळू शांत झाला. फेऱ्या थांबल्या, रडणं थांबलं. तो खाटेवर पडून राहायला लागला. आधी दुपारी झोपायचा, मग सकाळीही झोपायला लागला, मग जेवता जेवता. उशी लाळेने भिजायची. अपर्णा अभ्रे धुऊन धुऊन दमली. उठला तर पाय ओढत चालायचा, शब्द जिभेवर लोळायचे.

"आई, हे बरोबर नाही वाटत. भाऊजींच्या हातातला घास तसाच राहिला अन् डोळे मिटले."

"विष बाहेर पडून राहिलं त्याचं. इतक्या वर्षांचं आहे, एका दिवसात पडेल का? तू चहा टाक, वंदनाबाई बघायला येतेय."

कारण आता लोक बघायला येत होते. बायका यायच्या, दारातून बाळूला पाहायच्या आणि म्हणायच्या, "किती शांत झाला हो!" माणूस शांत झाला की लोकांना बरा झाल्यासारखा वाटतो, मढं तर त्या हिशोबाने ठणठणीतच म्हणायचं. पण नलिनीबाईंना तेव्हा असलं काही सुचत नव्हतं. त्या प्रत्येकीला शेवटी एकच सांगायच्या: "डॉक्टरला जमलं नाही, ते मी केलं." भालचंद्ररावही आले. हरलेला माणूस फार लवकर सत्काराकडे वळतो. "वहिनी, दसऱ्याला स्टेजवर तुमचा आणि बाळूचा सत्कार. मंडळाचं यश आहे हे."

"मंडळाचं?" नलिनीबाई म्हणाल्या. पण शाल कुठली आणणार, तेही विचारून घेतलं.

दसऱ्याला बाळूला प्रभाकरने काखेत धरून स्टेजवर चढवलं. नलिनीबाईंनी ठेवणीतली पैठणी नेसली होती. भालचंद्ररावांनी मंडळाच्या अथक प्रयत्नांबद्दल बराच वेळ सांगितलं, शाल पांघरली, आपट्याची पानं दिली आणि माईक बाळूच्या तोंडाशी धरला.

"बोल बाळू, दोन शब्द बोल. कसं वाटतंय?"

बाळूची मान एका बाजूला वळली आणि तिथेच राहिली. डोळे वर गेले. सबंध अंग लाकडासारखं ताठ झालं, तो शालीसकट आडवा कोसळला आणि झटके देऊ लागला. तोंडातून फेस आला.

एका क्षणात मांडवभर डॉक्टर झाले. कोणी चप्पल हुंगवायला धावलं, कोणी कांदा मागितला. एक म्हातारा ओरडला, "बिडी तुटली म्हणून झालं हे! पेटवा एक, धरा त्याच्या तोंडात!" आणि तंबाखूमुक्तीच्या त्या स्टेजवर अर्ध्या डझन खिशांतून एकदम काडेपेट्या निघाल्या.

"दूर व्हा!" अपर्णा किंचाळली. तिने बाळूला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली ती सत्काराची शाल घातली. "गाडी आणा कोणी!"

नलिनीबाई उभ्याच होत्या. भालचंद्ररावांच्या गाडीत त्या मागे बसल्या, बाळूचं डोकं मांडीवर घेऊन, आणि पिपलानी मागे पडेपर्यंत एकच म्हणत राहिल्या, "बाळू, ऐकून राहिला ना? बाळू."

रात्र इस्पितळाच्या बाकावर गेली. सकाळी एक तरुण डॉक्टरीण आली. रेवती नाव, शिवाजी नगरातल्या मराठी घरातली. बाळूचा कागद वाचत बाकासमोर उभी राहिली.

"आजी, झटका आता थांबलाय. धोका टळलाय. पण मला सांगा..."

"आजी नका म्हणू. दात आहेत अजून माझे."

"काकू, हे बिडी ओढायचे का?"

"ओढायचा. मी सोडवली." एवढ्या अवस्थेतही नलिनीबाईंची मान थोडी वर झाली.

"एकदम?"

"मग काय पंचांग बघून?"

"आणि गोळ्या तेवढ्याच चालू ठेवल्या?"

"एक चुकू दिली नाही. शिऱ्यातून घातल्या."

रेवतीने डोळे मिटले आणि उघडले. मग ती बाकावर शेजारी येऊन बसली.

"काकू, बिडीच्या धुराने शरीर ही गोळी भराभर जाळून टाकतं. म्हणून यांना ती पुरत नव्हती आणि डोस वाढत गेला. आता धूर थांबला. जाळणारं कोणी राहिलं नाही, आणि डोस मात्र तोच. तो अंगात साचत गेला. ती झोप, ती लाळ, तो झटका, सगळं औषध जास्त झाल्याचं होतं."

नलिनीबाई हळू म्हणाल्या, "म्हणजे खाणारा पाहुणा गेला अन् मी वाढतच राहिले."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

"विचारलं होतं तुमच्या मोठ्या डॉक्टरला. म्हणाला, पीने दीजिए." नलिनीबाईंचा आवाज चढला. भांडायला आता जागा सापडली होती. "एवढी वर्षं रक्त काढलंत बाई त्याचं! बाटल्याच्या बाटल्या! कोणाच्या तोंडून निघालं नाही की बाई, सोडवायची असेल तर आधी आमच्याकडे ये?"

"चुकलं आमचं," रेवती म्हणाली.

भांडणाची अख्खी तयारी वाया गेली. कबूल करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं हे नलिनीबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरात असा माणूसच नव्हता.

भालचंद्रराव दारात उभे राहून ऐकत होते. ते पुढे झाले. "मग सोपं आहे की डॉक्टरबाई. बिडी परत चालू करून टाकू. जुनं गणित जुळेल."

"आणि छाती? काका, या आजाराची बरीच माणसं आजाराने जात नाहीत. हृदयाने, फुप्फुसाने जातात, आणि लवकर जातात. बिडी सुटली ते चांगलंच झालं. गोळी कमी करायची, रक्त तपासायचं. तलफ आली तर निकोटिनचं च्युइंगम देता येतं, त्रास त्या धुराचा आहे, निकोटिनचा नाही."

"म्हणजे मशेरीला हरकत नाही," नलिनीबाई पटकन म्हणाल्या.

"मशेरीने तोंडाचा कॅन्सर होतो, काकू. ते वेगळं प्रकरण, त्याच्यावर मी तुम्हाला वेगळी बोलावते." मग तिने विचारलं, "पण त्यांना स्वतःला सोडायची होती का?"

"त्याला काय विचारायचं? वेड्याची कसली..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. ते कोणाचं होतं ते नलिनीबाईंना आठवलं. तो माणूस समोरच उभा होता.

बाळू जागा झाला तो दुसऱ्या दिवशी. डोळे स्वच्छ होते. नलिनीबाई पाणी आणायला गेल्या आणि परत आल्या तर अटेंडंट सुईवाल्या नर्सला घेऊन खाटेशी उभा होता. खिशातून बिडी काढून बाळूच्या नाकासमोर नाचवत म्हणत होता, "चल भैया, हाथ दे दे, खून निकालने दे, फिर ये तेरी."

"मेल्या!" नलिनीबाईंनी तांब्या आपटला. "त्याला माकड समजतोस? कुत्र्याला तुकडा दाखवावा तसं..."

"अम्मा, नाराज़ मत हो. यहाँ तो शुरू से ऐसे ही चलता है."

नलिनीबाईंनी अटेंडंटकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या बिडीकडे पाहिलं. मग खाली वाकून सांडलेलं पाणी पदराने टिपू लागल्या.

बाळूने अटेंडंटकडे न बघता नर्सपुढे हात केला. तळहात वर. तस्साच.

दोन दिवसांनी संध्याकाळी रेवतीने खाटेजवळ खुर्ची ओढली. नलिनीबाई आपोआप उत्तरं द्यायला पुढे सरकल्या. "काकू, मी त्यांना विचारतेय," ती म्हणाली. "जितकं जमेल तितकं सांगा, बाळूभाऊ. बिडी सोडावीशी वाटते?"

बाळूने बराच विचार केला. गोळी कमी झाल्यापासून शब्द परत हाताशी यायला लागले होते.

"आवडते," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण छातीत दुखतं. मी दोनदा सोडली होती."

"कधी रे?" नलिनीबाईंनी विचारलंच.

"तू गोळी दिलीस, मी गिळली. म्हटलं, बिडी नको. तर तुला वाटलं मी गोळी गालात ठेवली. तू तोंडात बोट घातलंस. मग रडलीस. म्हणालीस, हा परत पंख्याशी बोलणार." बाळू चादरीची कड सारखी करत होता. "धूर दिसला की तू शांत व्हायचीस. म्हणून ओढायचो ती."

नलिनीबाईंनी चादरीची दुसरी कड धरली.

"अन् आता?" नलिनीबाई म्हणाल्या. "आता हात पुढे करून उभा राहायचास, ते बिडीसाठीच ना?"

"गोळीसाठी," बाळू म्हणाला. "तू देतच नव्हतीस. मला वाटलं, बिडीबरोबर गोळी पण बंद. मला पंख्याची भीती वाटायची."

नलिनीबाई उठल्या आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. अपर्णा मागून आली. तिला वाटलं, सासूबाई रडत असतील. नलिनीबाई म्हणाल्या, "जा, आत बस त्याच्याजवळ. मी हवा खाऊन राहिले." हवा इस्पितळाची होती, फिनेलच्या वासाची. पण त्यांनी ती पुष्कळ वेळ खाल्ली.

घरी सोडताना रेवतीने नलिनीबाईंना बाजूला घेतलं. "गोळ्या आता बाळूभाऊंकडे राहतील. आणि एक महत्त्वाचं. यांची बिडी कधीतरी एखादी होईल, होतेच. झाली तर ती मला कळली पाहिजे, नाहीतर डोस पुन्हा चुकेल. मी रागवणार नाही. पण घरी कोणी ओरडलं तर हे लपवतील. लपवली की परत हेच." आणि कोणी म्हणजे कोण, हे तिने सभ्यपणे सांगितलं नाही.

नलिनीबाईंना आजवर जिभेचा अभिमान होता. या जिभेने त्यांनी क्वार्टर राखलं होतं, नवरा गेल्यावर दोन पोरं वाढवली होती, रांग धाकात ठेवली होती. तीच आता पोराच्या जिवावर उठू शकते, असं एका कालच्या पोरीने सांगितलं, आणि वर म्हणे रागवू नका.

गोळ्या बाळूच्या खोलीत गेल्या. सकाळी तो आत जायचा, पाकीट फुटल्याचा आवाज यायचा, पाणी प्यायचा. अंगणात धूर दिसायचा नाही. दिवस पार पडला की नाही हे कळायची काही सोय नव्हती. नलिनीबाईंचा जीव कासावीस व्हायचा. त्या स्वयंपाकघरात भांडी इतक्या जोरात ठेवायच्या की प्रभाकर वेळेच्या आधीच ड्यूटीवर जायला लागला.

भालचंद्रराव एकदा येऊन गेले. तो सत्कार राहिला आहे, बाळू बरा आहे तर परत करू म्हणाले. "आधी तुमचा करा," नलिनीबाई म्हणाल्या, "गाल सपाट दिसला की मी स्वतः नारळ घेऊन येईन." ते परत आले नाहीत. बाळू आता रांगेत कोणाची ओझी उचलत नव्हता, आणि रांगेला कळलं होतं की सिलिंडर केवढा जड असतो.

मग एका दुपारी बाळू बाहेरून आला. नलिनीबाई गहू निवडत बसल्या होत्या. तो दारात उभा राहिला आणि शर्टाला वास होता. त्यांच्या नाकाने तो फाटकाजवळच ओळखला होता.

"आई, आज एक ओढली. जितेंद्रकडे. गिऱ्हाइकाने दिली."

नलिनीबाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. एक नाही, अख्खी फौज होती. जितेंद्रसाठी एक होतं, गिऱ्हाइकाच्या आईबापासाठी एक होतं, आणि बाळूसाठी तर असं होतं की ते ऐकून हा पोरगा पुन्हा जन्मात खरं बोलला नसता. सगळी दातांमागे येऊन दाटली. बाळू बघत होता. हात मागे घेतलेला, खांदे थोडे वर चढलेले, पाऊस अंगावर घेणाऱ्या माणसासारखे.

सुपातल्या गव्हात खडा नव्हता, तरी नलिनीबाईंनी एक दाणा उचलला आणि बाजूला टाकला.

"डॉक्टरणीला सांगशील?" त्यांनी विचारलं.

"हो. मंगळवारी."

"सांग मग. मला काय सांगतो, मी काय डॉक्टर आहे?"

बाळूचे खांदे खाली आले. तो आत गेला. नलिनीबाई तशाच बसून राहिल्या. न बोललेली ती वाक्यं गिळायला गोळीपेक्षा जड होती, आणि वर तूप-वेलदोडा घालणारंही कोणी नव्हतं. थोड्या वेळाने आतून पंखा लावल्याचा आवाज आला. त्यांनी कान दिला. पंखा नुसता फिरत होता.

"अपर्णे," त्या ओरडल्या, कारण कोणावर तरी ओरडणं भाग होतं, "त्या पोराला चहा दे! आणि साखर नीट घाल, मोजून राहिलीस तर बघ!"